पांढरीच्या वावरात प्लॉट पाडावेत का?

गिरणाथडी

मंडळी, घरात एक विषय दोन महिन्यांपासून धुमसतोय. घरच्यांशी बोलून डोकं शिणलं, म्हणून तुम्हाला विचारतो.

आमचं गाव गिरणेच्या काठी, तालुक्याच्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर. गावाबाहेर एक जुनं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे. शिखर कधीच पडलेलं, पण गाभारा आणि खांब शाबूत. सोमवारी चार बायका जातात, शिवरात्रीला गर्दी होते, बाकी वर्षभर कबुतरं. देवळाला लागून आमचं दोन एकर वावर. आजोबा त्याला 'पांढरीचं वावर' म्हणायचे, कारण त्याच्या एका कोपऱ्यात पंधरा-सोळा गुंठ्यांचा पांढऱ्या मातीचा उंचवटा आहे. आजूबाजूला सगळी काळीभोर जमीन आणि मध्येच हा राखेच्या रंगाचा डाग. नांगरट झाली की खापरांचा सडा पडतो. लहानपणी आम्ही त्यातल्या गोल खापऱ्या निवडून लगोरी लावायचो.

तीन वर्षांपूर्वी बाहेरून वळणरस्ता झाला. आता त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब. पूर्वी गावातून निघालं की नाल्याच्या चढावर देऊळ दिसायचं, आता कमानी दिसतात, पुढे 'नगर' किंवा 'पार्क' लिहिलेल्या. आमच्या वावरालाही गिऱ्हाईक आलंय. दादाचं म्हणणं, विकू नये, आपणच एनए करून प्लॉट पाडावेत. त्याच्या मुलीचं मेडिकलचं शिक्षण सुरू आहे, त्याची गरज खोटी नाही. पण उंचवटा सपाट केल्याशिवाय ले-आउट बसत नाही असं त्याला सांगितलंय. जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांचं काम.

मी अडून बसलोय. पण कशासाठी अडलोय हे मला दादाला नीट सांगता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

केळीचा_खांब

देवळाजवळ संरक्षित स्मारकाचा निळा सरकारी बोर्ड आहे का? असेल तर विषयच संपला. नसेल तर भाऊ, तुमच्या हातात फारसं काही नाही.

नकाशावाला

मी जळगावला ले-आउटचे नकाशे काढण्याच्याच धंद्यात आहे, म्हणून आधी कायदा सांगतो.

केंद्र संरक्षित स्मारकाला १९५८चा कायदा लागतो. १९९२च्या अधिसूचनेने त्याभोवती दोन पट्टे आखले आणि २०१०च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढे २०० मीटर विनियमित, तिथे परवानगी घेऊन. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६०चा वेगळा कायदा आहे. बोर्ड नसलेलं देऊळ यांपैकी कशातच येत नाही. नगररचनेच्या टेबलावर तुमचा गट नंबर म्हणजे एक कोरा चौकोन. त्यात देऊळ, पांढर, नाला, चिंच यांतलं काही दिसत नाही. सातबाऱ्यावर नोंद नसेल तर ते वावर कपाशीचं, एवढंच.

मी स्वतः असे चौकोन भरलेत. एकदा मोजणीला गेलो तर मध्येच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, उभा होता. मालकाने तो बांधाला टेकवून ठेवला. पुढच्या खेपेला तो तिथे नव्हता. तेव्हा मी काही बोललो नाही. हा धागा वाचून तो आठवला, म्हणून लिहितो.

कपाशीवाला_नाना

गिरणाथडी भाऊ, राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. शहरात फ्लॅट घेतलेल्यांना आपल्या गावाकडचं सगळं आहे तसंच राहावं असं वाटतं. शेतकऱ्याच्या दोन एकरात तीन वर्षं बोंडअळी, एक वर्ष अवकाळी. विहिरीला पाणी नाही. पहिल्यांदा त्या जमिनीला भाव आलाय आणि तुम्ही सांगता खापरं आहेत! खापरांनी फी भरली जाते का? सरकारला इतकी कळकळ असेल तर भूसंपादन करावं, मोबदला द्यावा. फुकटात शेतकऱ्यानेच का जपायचं?

उंबरठा

नाना, +१. दादांची बाजू या धाग्यावर कुणी तरी मांडायला हवीच होती.

तापीकाठ

नानांचा प्रश्न रास्त आहे, त्यावर नंतर येतो. आधी गिरणाथडींचा प्रश्न घेतो: अडायचं ते कशासाठी?

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की मातीची घरं पडतात, त्यांवर नवी उभी राहतात. चुलीची राख, शेण, हाडं, फुटकी मडकी यांचा थर चढत जातो आणि काळ्या जमिनीवर पांढरं टेकाड तयार होतं. म्हणजे तुमच्या आजोबांनी वावराला दिलेलं नाव हीच एक नोंद आहे. ते सांगत होते की इथे गाव होतं.

खानदेशचा सगळ्यात जुना इतिहास अशाच टेकाडांतून निघाला. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशाला १९५०च्या दशकात बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचा तेव्हापासूनच्या, वस्त्यांचे थर एकावर एक सापडले. तुमच्या गिरणेवरच बहाळ आहे आणि समोरच्या काठाला टेकवाडे. तिथे एम. एन. देशपांडे यांनी खोदलं, टेकवाड्याला दफनं मिळाली. शहाद्याजवळच्या सावळद्याचं नाव तर एका संपूर्ण संस्कृतीला मिळालंय, पुस्तकांत 'सावळदा संस्कृती' म्हणूनच येतं. ही नावं जगातल्या अभ्यासकांना ठाऊक आहेत आणि आपल्याला तिथे फक्त एसटीचा थांबा ठाऊक असतो.

चाळीसगावजवळच्या पाटण्याचं तर काय सांगू. एस. ए. साळी यांना तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली. साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीची! खानदेशात शहामृग होते आणि त्यांच्या अंड्यावर नक्षी काढावीशी वाटणारा माणूसही होता. तो तुकडा तळहातावर मावेल एवढा. जेसीबीच्या एका बादलीत असे किती जातील, सांगा.

देऊळ पडलं तर निदान दिसतं. पांढर गेली की गेल्याचं कळतही नाही. सपाट झालेल्या जागेवर मुरूम पडला की तिथे काही होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

गिरणाथडी

तापीकाठ, हेच मला दादाला सांगता येत नव्हतं. आजोबांचं नाव हीच नोंद, हे वाक्य आज रात्री जेवताना सांगणार.

नाना, तुमचा राग मानला नाही. मी नाशिकला नोकरी करतो हे खरं, आणि दादाने एकट्याने शेत सांभाळलं हेही खरं. म्हणूनच अडताना जीव खालीवर होतो.

जात्यावरची_ओवी

मी सत्तरीची बाई, नातू टाइप करून देतोय. आमनं गाव पांझरेवर. तुम्ही पांढरीची माती म्हणता ना, ती आम्ही गाड्या भरभरून आणलीये. धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागे, नाही तर घर गळे. काळ्या मातीला उन्हात भेगा पडतात, पांढरी चिवट बसते. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की माणसं बैलगाड्या घेऊन टेकाडावर जायची, बाया टोपल्या भरायच्या. वावरालाही टाकायचे, पीक चांगलं येई म्हणून. खणताना मणी निघायचे, मातीचे, शंखाचे. माझ्या सासूने पाच मणी करदोट्यात ओवून माझ्या थोरल्याच्या कमरेला बांधले होते. एकदा अख्खा रांजण निघाला, आत लहान लेकराची हाडं. सगळ्या बाया गप्प झाल्या. सासूने वर माती लोटली, हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाली, आठून आते माती लेवानी नही. त्या जागची माती मग कुणीच नेली नाही.

सांगायचं काय, टेकाड आम्हीही खाल्लंय, पण टोपलीने खाल्लं. पन्नास वर्षांत कोपरा गेला. आता बठ्ठं दोन दिसमा जास.

तापीकाठ

आजी, हात जोडतो. रांजणातलं लेकरू म्हणजे ताम्रपाषाण काळातलं दफन असणार. त्या काळी लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. तुमच्या सासूबाईंनी जे केलं, ते शिकलेल्या माणसांनाही सुचत नाही.

शेवभाजी_तिखट

आजींची पोस्ट वाचून काटा आला.

अवांतर: धाब्याच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी झोपायचं सुख कुठल्याच स्लॅबखाली नाही. मामाच्या घरी गच्चीवरच्या त्याच पांढऱ्या मातीवर रात्री गोधड्या पडायच्या, सोबत भरीत-भाकरी. विषय सोडून बोललो, पण ती माती पाठीखाली होती तेव्हा कधी वाटलं नव्हतं की तीन-साडेतीन हजार वर्षांचं अंथरूण आहे.

केळीचा_खांब

शेवभाजी, हिवाळ्यात भरीत पार्टी ठेवा, धागा तिथेच संपवू. :)

लळिंगवाट

नुसत्या टेकाडांचं नाही, बोर्ड लागलेल्या जागांचंही सांगतो. मी धुळ्याचा. लळिंगचा किल्ला शहरापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्याला अगदी खेटून. हा फारुकींचा किल्ला. मलिक राजाला फिरोजशाह तुघलकाकडून १३७०मध्ये या भागाची जहागीर मिळाली आणि पुढे १६०१मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत त्या घराण्याने खानदेश राखला. आमच्या प्रांताच्या नावातला 'खान' यांचाच, असं बरेच जण मानतात.

माझे वडील सायकलवर लळिंगला जायचे. ते सांगायचे की धुळ्याची शेवटची घरं मागे पडली की किल्ला समोर यायचा आणि मग तासभर तो समोरच असायचा, हळूहळू मोठा होत. एवढ्या वेळात माणसाला कळायचं की किल्ला तिथेच का बांधला. दक्षिणेकडून येणारी वाट, खालचं कुरण, पाण्याची जागा, सगळं एका नजरेत. आता अवधानची एमआयडीसी, गोदामं, ढाबे, उड्डाणपूल आणि टोलनाका. किल्ल्याचा एक दगडही कुणी काढलेला नाही, पण त्याच्यापर्यंत पोचणं हरवलं. गाडीच्या काचेतून एकदम डोंगर दिसतो, 'अरे हाच का?' म्हणेपर्यंत मागे जातो.

१०० मीटरचा नियम दगडाला वाचवतो. किल्ल्याला राखायची होती ती वाट, आणि ती दहा किलोमीटरची. ती कोणत्या मीटरमध्ये बसवायची?

पवनचक्की_साक्री

लळिंगवाट, अगदी मनातलं. भामेरला जाऊन या. डोंगरात खोदलेल्या लेण्यांत उभं राहून बाहेर बघा. साक्रीच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांगच रांग दिसते. मला पवनचक्क्या नकोत असं मी म्हणणार नाही, आमच्या गावात त्यांच्यामुळे रस्ता आला. पण खाली गावात फिरलात तर जुन्या घरांच्या जोत्यात, गोठ्याच्या उंबऱ्यात कोरीव दगड दिसतात. पूर्वी जुन्यातून नवं घडायचं, दगड गावातच राहायचा. आता जुनं घर पाडलं की दगड ट्रॅक्टरमध्ये भरून भरावाला जातो.

खंदकाशेजारी

इथे सगळे स्मारकाच्या बाजूने बोलताहेत, म्हणून स्मारकाच्या शेजाऱ्याचंही ऐका.

माझं घर एका संरक्षित वास्तूच्या १०० मीटरच्या आत आहे. गावाचं नाव सांगत नाही. घर पणजोबांचं, म्हणजे नियमाच्या कितीतरी आधीचं. मागची भिंत पावसात खचली. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते हे मला माहीत होतं, अर्ज केला. कागद इथून तिथे, तिथून इथे. कधी नकाशा हवा, कधी अंतराचा दाखला हवा. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. आईला दमा आहे. त्याच काळात, रस्त्याच्या पलीकडे, त्याच १०० मीटरच्या आत तीन गाळे उभे राहिले. रात्रीतून पत्रे, मग विटा, मग शटर. त्यांना कुणी अंतर विचारलं नाही.

मला त्या वास्तूचा राग यावा असं सगळं घडलं. तरी येत नाही, कारण लहानपणी मी तिच्याच पायऱ्यांवर अभ्यास केलाय. पण माझ्या मुलाला येतो. त्याच्या डोक्यात बसलंय की ते दगड आहेत म्हणून आपलं घर गळतं. वीस वर्षांनी त्या दगडांची काळजी घ्यायची वेळ त्याच्यावरच येणार आहे.

कपाशीवाला_नाना

खंदकाशेजारी यांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं. हेच म्हणत होतो. प्रामाणिक माणसाला नियम टोचतो आणि आडदांड माणसाला लागतच नाही.

पण आजींची पोस्ट वाचून मीही थोडा विचारात पडलोय. आमच्याही शिवारात 'पांढरी' नावाचा तुकडा आहे. आजवर वाटायचं, चुनखडी असेल.

तापीकाठ

नाना, चुनखडीत खापर नसतं. पुढच्या नांगरटीला चालून बघा. लाल खापरावर काळ्या रंगाच्या रेघा दिसल्या तर फोटो काढा, खापर तिथेच ठेवा. सुटं खापर घरी नेलं की त्याची अर्धी किंमत जाते, कारण कोणत्या जागी कोणासोबत होतं तेच त्याचं खरं मोल. आणि मौल्यवान काही सापडलं, नाणी वगैरे, तर १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वाघूर

एक चांगलं उदाहरणही देतो, नाही तर वाटेल की हे होणारच नाही. अजिंठा जिल्ह्याच्या हिशेबाने आमच्यात येत नाही, पण रेल्वेने येणारा माणूस जळगावलाच उतरतो आणि लेण्यांच्या कुशीतून निघालेली वाघूर आमच्याकडेच येते, म्हणून हक्काने सांगतो.

पूर्वी गाड्या थेट लेण्यांखाली जायच्या. तिथेच दुकानं, धूर, हॉर्न. आता फर्दापूरच्या टी-पॉइंटला, चार किलोमीटर आधीच, गाड्या थांबतात. दुकानंही तिथेच. पुढे बसने जायचं. सुरुवातीला दुकानदारांनी आणि आम्हीही कुरकुर केली, उन्हात बसची वाट बघायची म्हणजे काय! पण आज व्ह्यू-पॉइंटवर जा. नदीचं ते नालाकृती वळण, कड्यात ओळीने लेणी, समोर जंगल. १८१९मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वरून जे दिसलं असेल, ते बऱ्यापैकी तुम्हालाही दिसतं. चार किलोमीटर मागे सरकल्यामुळे दुकानं बुडाली नाहीत आणि दरीही वाचली.

पितळी_लोटा

पाटणादेवीचंही तसंच. मंदिर आणि भोवतालचं रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे, अभयारण्य १९८६चं. तिथे प्लॉट पाडायला वावच नाही. शके ११२८चा शिलालेख तिथलाच, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला त्याचा. पावसाळ्यात धुकं उतरलं की वाटतं, मठातले विद्यार्थी याच नाल्यात हातपाय धूत असतील. ते वाटतं, कारण नाला अजून आहे.

अवांतर: चाळीसगावकडून येताना वाघळीचं मुधाईदेवीचं मंदिर बघा. तिथला लेख शके ९९१चा, म्हणजे इ.स. १०६९. ज्याच्या नावावरून 'हेमाडपंती' म्हणतात त्या यादवांच्या मंत्र्याच्या, हेमाद्रीच्या, जवळपास दोनशे वर्षं आधीचा. तरी आपण काळा दगड दिसला की हेमाडपंती म्हणून मोकळे होतो.

उंबरठा

जंगल असेल तिथे जंगल वाचवतं, लेणी असतील तिथे पर्यटन खातं वाचवतं. गिरणाथडींच्या पंधरा गुंठ्यांना कोण वाचवणार? मूळ प्रश्न बाजूला राहिला.

नकाशावाला

उंबरठा, त्याचाच विचार करत होतो. काल रात्री कागद घेऊन बसलो.

दोन एकर म्हणजे ८० गुंठे, साधारण ८,००० चौरस मीटर. राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टरच्या वरच्या ले-आउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. म्हणजे आठ गुंठे तुम्हाला तसेही विकता येणार नाहीत. आम्ही नकाशावाले ही जागा कुठे टाकतो? जिथे प्लॉट बसत नाही तिथे: विजेच्या तारेखाली, नाल्याच्या तिरकस कोपऱ्यात. ती पांढरीवर का टाकू नये? उंचवटा पंधरा-सोळा गुंठ्यांचा म्हणता, त्यातला निम्मा भाग, आणि सगळ्यात उंच भाग, त्यात बसतो. उरलेल्या सात-आठ गुंठ्यांचा प्रश्न राहतो. ते तुम्हा दोघा भावांना आपसात सोडवावं लागेल.

दुसरी गोष्ट. आतला मुख्य रस्ता कुठून तरी न्यावा लागणारच. तो देवळाच्या दाराच्या रेषेत घ्या. म्हणजे वळणरस्त्यावरून आत वळलं की समोर देऊळ दिसेल, मध्ये कुणाचीच भिंत येणार नाही. रस्त्याची रुंदी तीच, प्लॉटही जवळपास तेवढेच. फक्त रेघ दहा अंश फिरवायची.

कपाशीवाला_नाना

हे पटलं. यात शेतकऱ्याचं पोट मारलं जात नाही.

खंदकाशेजारी

कल्पना चांगली, पण मोकळ्या जागेचं पुढे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. कॉलनी भरली की पहिल्या वर्षी बोअर मारतात. दुसऱ्या वर्षी ओटा, तिसऱ्या वर्षी त्यावर शेड, मग सार्वजनिक वाचनालय नाही तर ओपन जिम. प्रत्येकासाठी पाया खणावा लागतो. जेसीबीने दोन दिवसांत जायचं ते पाच वर्षांत जाईल.

पवनचक्की_साक्री

खंदकाशेजारी, खरं आहे. पण त्या पाच वर्षांत कुणी तरी येऊन बघेल तरी. आधी जेसीबी थांबला पाहिजे. मी तर म्हणेन, वर माती टाकून गवत लावा, कडेने चिंच-लिंब लावा, पण उंचवट्यावर झाड नको, मुळं थर फोडतात.

तापीकाठ

खंदकाशेजारींच्या शंकेवर एक उपाय सुचतो. प्लॉट विकायच्या आधीच जागेची लेखी नोंद व्हायला हवी. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला गट नंबरासह अर्ज द्या, पोच घ्या. एक प्रत पुण्याच्या डेक्कन कॉलेजला, एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला. लगेच कुणी धावत येईल असं मी म्हणणार नाही. पण उद्या कुणी बोअर मारायला आलं, तर तुमच्या हातात पोच असेल आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही. ले-आउटच्या नकाशावरही नुसतं 'मोकळी जागा' न लिहिता 'मोकळी जागा, जुनी पांढर' असं लिहून घ्या. नकाशावाला, लिहिता येईल ना?

नकाशावाला

लिहिता येईल. अक्षर माझं, शाई माझी. कुणी खोडायला सांगितलं तर कारण लेखी मागेन.

जात्यावरची_ओवी

लेकरा, त्या उंचवट्यावर नारळ फोडून घे. माणसं कायद्याला भीत नाहीत, पण जिथे हळद-कुंकू पडतं तिथे फावडं टाकताना हात थांबतो.

तापीकाठ

आजी, तुमच्या शब्दाबाहेर जायचं धाडस होत नाही, पण एक भीती वाटते. हळद-कुंकवाच्या मागोमाग फरशी येते, फरशीमागून मंडप. हळद-कुंकू असू द्या, फरशी नको, एवढं गिरणाथडींनी बघावं.

गिरणाथडी

चार दिवस इकडे फिरकलो नाही, कारण गावी होतो. सगळ्यांच्या पोस्टी दादाला वाचून दाखवल्या. नानांच्या पोस्टी त्याला सर्वांत जास्त आवडल्या, हे सांगून टाकतो. आजींची पोस्ट वहिनीने दोनदा वाचायला लावली.

काल संध्याकाळी आम्ही दोघं वावरात गेलो. ऊन उतरलेलं. दादा पुढे, मी मागे. उंचवट्याच्या उत्तरेकडून पावसाने कड कापली आहे, कमरेएवढी. तिथे पहिल्यांदा नीट बसून बघितलं. वर हातभर भुसभुशीत माती, खाली राखेचा बोटभर करडा पट्टा, त्याखाली भाजलेल्या लाल मातीची रेघ, मग पुन्हा पिवळट पांढरी. राखेच्या पट्ट्यात मडक्याच्या कडेचा तुकडा अडकलेला होता. काढला नाही, आजूबाजूची धूळ फुंकली. लाल रंग, वर काळ्या तीन रेघा. आणि कडेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबल्याचा ठसा. कुंभाराने ओलं असताना उचललं असेल तेव्हाचा. दादाने आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला नाही, ठसा लहान होता. दादा म्हणाला, "बाईचा असंल." मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. नकाशावालांचे आठ गुंठे मोकळ्या जागेत. उरलेले साडेसात गुंठे माझ्या वाटणीतून सोडतो असं मी सांगितलं. दादा म्हणाला, निम्मे माझे धर. मी नको म्हणालो, त्याने ऐकलं नाही. गिऱ्हाईकाला हे कळल्यावर तो नाराज झाला, कोपऱ्याचे प्लॉट कमी होतात म्हणे. तो राहील की जाईल ते आज सांगता येत नाही. गेला तर यंदा कपाशीच लावू आणि फीसाठी माझ्या पगारावर कर्ज काढू, तेवढं झेपेल.

जेसीबीवाल्याला फोन करून नको सांगितलं.

नाशिकचा अर्ज लिहायला घेतलाय. गट नंबर, चतुःसीमा लिहिल्या. 'जागेचे वर्णन' यापुढे काय लिहायचं ते सुचवा. आणि त्या कापलेल्या कडेचं काय करू? मृगाला फार दिवस नाहीत, पहिल्याच पावसात आणखी ढासळेल.

तापीकाठ

कडेला काहीही टेकवू नका, खणू नका. रिकाम्या गोणपाटात त्याच वावराची काळी माती भरा आणि पायथ्याशी एकावर एक रचा, वर ताडपत्री, वरचं पाणी दुसरीकडे वळवायला वीतभर खोलीची चर, तीही उंचवट्याच्या बाहेरून. पण त्याआधी कडेचे फोटो हवेत, शेजारी मोजपट्टी उभी धरून.

रविवारी मी येतो. मोजपट्टी आणतो. नकाशावाला, तुम्ही उंची काढायचं यंत्र आणाल का?

नकाशावाला

आणतो. सकाळी सातला निघतो, ऊन चढायच्या आत काम होईल.

कपाशीवाला_नाना

गोणपाट माझ्याकडे शंभर तरी पडलेत. कोणत्या फाट्यावर उतरायचं तेवढं सांगा.

गिरणाथडी

नाना, फाट्यावर दादा स्वतः येईल घ्यायला. वहिनी विचारतेय, जेवायला किती जण?